गाई-म्हशींच्या पोटाला ताण कसा कळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाबद्दल पशुपालक आणि पशुवैद्यकीचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी केली आहे, अडचणीचे पुढे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उपचार मात्र जनावर समोर पाहूनच ठरतात, म्हणून औषधांची मात्रा कुठेही दिलेली नाही.

१. गाईला खरंच चार पोटं असतात का? आणि ताण ओळखणाऱ्या नसा त्यांतल्या कोणत्या पोटात असतात?

पोट एकच, कप्पे चार: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथं खरं पोट. आपल्या जठरासारखं काम फक्त चौथा कप्पा करतो. मोठ्या गाईच्या कोठीपोटात १०० लिटरहून जास्त माल मावतो. पोटाची डावी बाजू जवळजवळ सगळी त्यानेच व्यापलेली असते.

ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं म्हणजे ताण-संवेदक. पशुवैद्यकीच्या वर्गात यांनाच ‘टेन्शन रिसेप्टर’ म्हणतात. ती सगळीकडे सारखी पसरलेली नाहीत. सर्वांत दाट वस्ती जाळीपोटात, त्यातही त्याच्या उजव्या, आतल्या बाजूच्या भिंतीत असते. अन्ननलिका जिथे उघडते तो भाग आणि कोठीपोटाचा पुढचा भाग इथेही ती भरपूर असतात. मागे जावं तशी विरळ होत जातात. कोठार मागे आणि पहारा पुढे, अशी ही रचना आहे. अन्न येण्याचं दार पुढे आहे, रवंथ आणि ढेकर वर जाण्याचं दारही तेच, आणि बारीक झालेलं अन्न पडदेपोटात जाण्याचं दारही तिथून जवळच. पहारेकरी दारापाशीच बसतो.

२. नसेला ताण ‘कळतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

विहिरीतून घागर ओढताना दोराच्या मधोमध एक काटा अडकवला आहे अशी कल्पना करा. घागर जड झाली तर काटा सरकेल. घागर तेवढीच असून माणसाने जोरात हिसका दिला, तरी काटा सरकेल. ताण-संवेदक असेच स्नायूंच्या धाग्यांशी एका ओळीत जोडलेले असतात. पोट भरून भिंत ताणली गेली तरी ते संदेश पाठवतात, आणि स्नायू स्वतः आकुंचन पावला तरी पाठवतात. विद्यार्थ्यांची इथेच गल्लत होते. पायाच्या स्नायूतला ताण ओळखणारा ‘स्पिंडल’ नावाचा संवेदक स्नायूच्या बाजूने समांतर बसलेला असतो, म्हणून आकुंचनाच्या वेळी तो सैल पडतो. पोटातल्या या संवेदकाचं उलट आहे, आकुंचनात तो जास्तच बोलतो.

आणखी एक गुण म्हणजे चिकाटी. अंगात सदरा घातल्यावर क्षणभराने त्याचा स्पर्श आपल्याला जाणवेनासा होतो. ताण-संवेदक तसे लवकर सरावत नाहीत. भिंत ताणलेली आहे तोवर त्यांचे संदेश चालूच राहतात.

हे ज्ञान प्रयोगातून आलं. एन्स्ली इगो यांनी १९५५ साली शेळीच्या, मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले बारीक धागे सुटे करून त्यांतले विजेचे स्पंद नोंदवले. पुढे लीक यांनी १९६९ साली मेंढीच्या जाळीपोट-कोठीपोटातल्या संवेदकांचं सविस्तर वर्णन केलं. पेशीच्या पातळीवर ताणामुळे उघडणारी ‘पिझो’ नावाची प्रथिनं २०१० साली सापडली आणि त्यासाठी आर्डेम पटापुटियन यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. मात्र ते काम उंदरांच्या पेशींवर झालेलं आहे. गाई-शेळ्यांबद्दल आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे ते मुख्यतः विजेच्या नोंदींवरून.

३. हृदय जसं आपोआप धडधडतं, तसं कोठीपोट आपोआप हलत नाही का?

नाही. या पानावरचं बाकी सगळं याच उत्तरावर उभं आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

हृदयाच्या नसा तोडल्या तरी त्याची स्वतःची लय चालू राहते. कोठीपोटाच्या दोन्ही बाजूंच्या व्हेगस नसा तोडल्या तर त्याची शिस्तबद्ध हालचाल बंद पडते. भिंतीत बारीक वळवळ उरते, पण माल घुसळणारी लाट येत नाही. कारण लाट उठवण्याचा हुकूम मेंदूच्या बुडाशी असलेल्या मेड्युलातून येतो, आणि पोटाकडून बातमी आल्याशिवाय मेड्युला हुकूम सोडत नाही. बातमी नेणारी आणि हुकूम आणणारी वाट एकच: व्हेगस. तिच्यातले बहुसंख्य धागे तर बातमी वर नेण्याचंच काम करतात.

म्हणजे पोट किती भरलंय, किती ताणलंय हे संवेदक सांगतात, त्यावर मेंदू ठरवतो, मग पोट हलतं. हालचाली दोन प्रकारच्या. पहिली घुसळणीची: जाळीपोट लागोपाठ दोनदा आवळतं आणि तिथून लाट कोठीपोटावरून मागे जाते. गाय निवांत असताना ही साधारण मिनिटाला एक, आणि खाताना जास्त. दुसरी ढेकराची: ही लाट मागून पुढे येते आणि वर साठलेला वायू अन्ननलिकेच्या तोंडाशी ढकलते.

४. ही हालचाल गोठ्यात कशी तपासायची?

गाईच्या डाव्या बाजूला उभे राहा. शेवटची बरगडी, कंबरेची आडवी हाडं आणि खुब्याचं हाड यांच्यामध्ये एक त्रिकोणी खळगी दिसते, तिला भकाळी म्हणतात. मूठ वळून ती भकाळीत हलकेच दाबून धरा आणि घड्याळ बघा. पहिला अर्धा मिनिट बहुधा काहीच होत नाही आणि नवखा माणूस हात काढून घेतो. काढू नका. थोड्या वेळाने मुठीखाली मळलेल्या कणकेसारखा माल घट्ट होत जाणवेल, मग मूठ सावकाश बाहेर ढकलली जाईल आणि पुन्हा आत येईल. कान लावलात तर लांबून येणाऱ्या गडगडाटासारखा आवाज वाढत जाऊन विरतो.

निरोगी गाईत २ मिनिटांत अशा २ ते ४ लाटा लागतात. मोजताना पूर्ण २ मिनिटं द्या, ३० सेकंदांवरून हिशेब करू नका. लाटांचा आकडा चांगला आला म्हणजे सगळं ठीक असंही नाही. त्याचा अपवाद प्रश्न १० मध्ये आहे.

५. रवंथाचा या नसांशी काय संबंध?

सकाळची वैरण खाऊन गाय बसली की तिच्या मानेकडे बघत राहा. चावणं थांबतं, घास गिळला जातो, चारेक सेकंदांची शांतता असते, आणि मग मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून एक गोळा खालून वर सरकताना दिसतो. तो गोळा सुटण्याआधी जाळीपोटाने नेहमीच्या दोन आकुंचनांच्या आधी एक जादा आकुंचन केलेलं असतं.

या जादा आकुंचनाला चालना मिळते ती भरड वैरणीच्या खरखरीतून. इथे संवेदकांची दुसरी जात कामाला येते. ही अस्तराच्या अगदी जवळ असते. ताणापेक्षा स्पर्श, घासणं आणि आम्ल यांना ती लगेच ओळखते आणि लगेच सरावतेही. कडब्याचे लांब तुकडे तरंगत्या गादीसारखे पसरतात आणि जाळीपोटाच्या भिंतीला घासत राहतात. ही खरखर आणि भरलेपणाचा ताण, दोन्ही मिळून रवंथ सुरू होतो. चांगली वैरण मिळणारी गाय दिवसातले ६ ते ८ तास रवंथ करते.

६. मग कुट्टी पिठासारखी बारीक केली तर पचायला सोपी जाणार नाही का?

गाईच्या वाट्याचं चावणं यंत्राने करून टाकलं, एवढंच होतं. खरखर कमी, म्हणून रवंथ कमी, म्हणून लाळ कमी. मोठी दुधाळ गाय दिवसाला १०० लिटरच्या आसपास लाळ गिळते आणि त्या लाळेतला सोडा पोटातलं आम्ल मारतो. रवंथ घटला की हा सोडा घटतो. कडबाकुट्टी यंत्राचं पातं बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे पडतील असं ठेवा. वैरण वाया जाऊ नये म्हणून कुट्टी करणं योग्यच आहे, तिचा भुगा करणं योग्य नाही.

७. पोट भरल्यावर गाय खाणं थांबवते. मग पाणी जास्त प्यायली तर वैरण कमी खाईल का?

नाही, आणि हे कुणी तर्काने सांगितलेलं नाही. इंग्लंडमध्ये कॅम्पलिंग आणि बाल्च यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाईंच्या कोठीपोटात पाण्याने भरलेल्या पिशव्या ठेवल्या, तेव्हा गाईंनी गवत कमी खाल्लं. तेच पाणी मोकळं ओतलं तेव्हा खाण्यात तसा फरक पडला नाही. मोकळं पाणी थोड्याच वेळात पुढे निघून जातं, भिंतीवरचा ताण टिकत नाही. पिशवी जागची हलत नाही, म्हणून ताण टिकतो. संवेदक चिकाटीने बोलतात हे प्रश्न २ मध्ये आलंच आहे.

आपल्याकडची खरी अडचण यातून समजते. उन्हाळ्यात गाय नुसत्या वाळक्या कडब्यावर किंवा गव्हाच्या काडावर असते. काड सावकाश कुजतं आणि पुढे सरकायला वेळ घेतं, म्हणून पोट भरलेलंच राहतं. संवेदक ‘पुरे’ सांगतात आणि गाय गव्हाणीत तोंड घालत नाही. अंगाला मिळालेलं पोषण मात्र अपुरं असतं. अशा गाईला ‘खात नाही’ म्हणून दोष देऊ नये, तिचं पोट खरोखर भरलेलं आहे. हिरवी वैरण, मुरघास किंवा थोडी पेंड मिळाली की कोठीपोटात वैरण कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र मिळतं, काड लवकर फुटतं, जागा होते आणि खाणं वाढतं. उलट भरपूर खुराक खाणाऱ्या गाईत पोट भरण्याआधीच रक्तातली ऊर्जा ‘पुरे’ म्हणते. तिथे ताणाचा हुकूम दुय्यम असतो.

८. लसूणघास खाऊन पोट फुगतं, तेव्हा ढेकर का येत नाही?

मोठ्या गाईच्या कोठीपोटात तासाला ३० ते ५० लिटर वायू तयार होऊ शकतो. तो वर साठतो, छताचा ताण वाढतो, संवेदक बातमी देतात, ढेकराची लाट उठते (प्रश्न ३). पण लाट आली म्हणून अन्ननलिकेचं तोंड उघडतंच असं नाही. त्या तोंडाभोवतीचे संवेदक आधी तपासतात की समोर वायू आहे की पातळ माल. पातळ माल असेल तर तोंड मिटलेलं राहतं. ही फार मोलाची काळजी आहे, कारण ढेकराचा काही वायू श्वासनलिकेतही जातो. त्याच्याबरोबर पातळ माल गेला तर फुप्फुसांत जाईल.

कोवळी लसूणघास किंवा बरसीम यांतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांमुळे वायूचे बुडबुडे सुटे राहतात आणि दाट फेस होतो. फेस अन्ननलिकेच्या तोंडाशी आला की तिथले संवेदक त्याला पातळ मालच समजतात. दार बंद राहतं आणि मागे वायू तयार होत राहतो. म्हणूनच अशा जनावराला तोंडातून नळी घातली तर भस्सकन वायू सुटत नाही, नळीच्या टोकाला साबणासारखा फेस तेवढा लागून येतो. इथे फेस मोडणारं औषध लागतं आणि तेही तातडीने. डॉक्टर येईपर्यंत जनावराला चढावर, पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा. जीभ ओढून, मान वर करून तेल पाजू नका, ते फुप्फुसात जातं. पोटफुगी टाळायची तर दव असलेली ओली लसूणघास उपाशी जनावरापुढे टाकू नका, आधी थोडा कडबा खाऊ घाला.

आंब्याची कोय किंवा बटाटा अन्ननलिकेत अडकून झालेली फुगी वेगळी. तिथे नसा आपलं काम करत असतात, वाट मात्र अडलेली असते.

आणखी एक प्रसंग लक्षात ठेवा. विल्यानंतर रक्तातलं कॅल्शियम घटून होणाऱ्या दुग्धज्वराने आडवी पडलेली गाय फुगते. कुशीवर सपाट पडल्यामुळे अन्ननलिकेचं तोंड पातळ मालाखाली बुडतं आणि वरच्या नियमाने दार मिटतं. तिला टेकू देऊन छातीवर बसवणं हा निम्मा उपचार आहे.

९. ताण वाढला की हालचाल वाढते म्हणता, मग खूप फुगल्यावर पोट बंद का पडतं?

ताणाच्या दोन पायऱ्या आहेत. मध्यम ताणाला, विशेषतः जाळीपोटातल्या, लवकर जागे होणारे संवेदक उत्तर देतात आणि लाटा वाढतात, लाळही वाढते. ताण हद्दीबाहेर गेला की उशिरा जागे होणारे संवेदक बोलू लागतात आणि त्यांचा संदेश ‘थांब’ असा असतो. त्यामुळे फुगीच्या सुरुवातीला मुठीला लाटा जोरात लागतात आणि पुढे त्या बंद होतात. जोरात होत्या त्या थांबल्या, तर तो आराम पडल्याचा भ्रम होऊ देऊ नका. तेव्हाच खरी घाई करायची असते.

खऱ्या पोटाचाही यात शब्द चालतो. ते जास्त ताणलं गेलं की त्याच्या आधीच्या कप्प्यांची हालचाल मंदावते, म्हणजे पुढे जागा नसताना मागून माल येत नाही.

१०. गाईने तार खाल्ली होती. तार काढली, तरी पोट सुधारत नाही. नस तुटली असेल का?

तार किंवा खिळा वजनामुळे जाळीपोटात जाऊन पडतो. जाळीपोट लाटेच्या वेळी जवळजवळ मिटेपर्यंत आवळतं, तेव्हा टोक भिंतीत घुसतं. स्वीडनमध्ये होफ्लुंड यांनी १९४० साली व्हेगसच्या फांद्या तोडून पोटाचे होणारे बिघाड मांडले, तेव्हापासून अशा आजाराला ‘व्हेगल इंडायजेशन’, म्हणजे व्हेगसच्या बिघाडाचं अपचन, म्हणतात. नावामुळे सगळ्यांना वाटतं की नसच तुटली.

बऱ्याच गाईंत नस शाबूत असते. जखमेभोवती सूज येते, मग भिंत शेजारच्या अवयवांना चिकटते. जाळीपोटाची उजवी, आतली भिंत अशी चिकटली तर जिथे संवेदकांची सर्वांत दाट वस्ती आहे तोच भाग जखडतो (प्रश्न १). भिंत मोकळी ताणलीच जात नाही, तर संवेदक काय सांगणार? मेंदूकडे चुकीची बातमी जाते आणि कोणतं अन्न पुढे सोडायचं, कोणतं मागे ठेवायचं हा निवाडा बिघडतो.

प्रश्न ४ मधला अपवाद तो हाच. अशा काही गाईंत मुठीला लाटा कमी नाही, जास्त लागतात, मिनिटाला ३-४ सुद्धा. पण त्या दुबळ्या असतात, आवाज जवळजवळ नसतो, आत माल फेसाळ होऊन साचत जातो. मागे उभं राहून पाहिलं तर पोट डावीकडे वरपासून गोल आणि उजवीकडे खाली लोंबलेलं दिसतं. शेण कमी आणि चिकट. हृदयाचे ठोके काही वेळा नेहमीपेक्षा मंद. लाटा मोजून ‘पोट छान चालतंय’ असं सांगितलं गेलं आणि गाय महिनाभर खंगत गेली, असं मी पाहिलेलं आहे. त्या गाईचं मला आजही वाईट वाटतं.

चिकटलेली भिंत सुटी करणं अवघड असतं, म्हणून तार पोटात जाऊच न देणं महत्त्वाचं. पेंढीच्या तारा गव्हाणीजवळ कापू नका. गावात बांधकाम चालू असेल तर कालवडींना पोटात ठेवायचं लोहचुंबक देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

११. पोळ्याला बैलाने पुरणपोळ्या आणि भरडा खूप खाल्ला. पोट गच्च, हालचाल बंद. पोट हलवायचं इंजेक्शन द्यावं का?

ते पहिलं काम नव्हे. लग्नातला उरलेला भात किंवा उघड्या राहिलेल्या पोत्यातलं धान्य खाल्लेल्या जनावराचंही हेच. पिठूळ, गोड अन्नातून झपाट्याने लॅक्टिक आम्ल बनतं. एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असणारा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्याही खाली जाऊ शकतो. अस्तराजवळचे संवेदक (प्रश्न ५) हे आम्ल ओळखतात आणि हालचाल थांबवायला सांगतात. घुसळण थांबली की आम्ल भिंतीला कमी लागतं आणि रक्तात कमी जातं. म्हणजे इथे पोट बिघडलेलं नाही, ते जनावराला वाचवायचा प्रयत्न करतंय. त्याला इंजेक्शनने जबरदस्तीने हलवण्याआधी आम्ल मारायला हवं, आणि जास्त खाल्लं असेल तर पोट रिकामं करायला हवं. सणाला बैलाच्या तोंडी गोड घास जरूर द्या, घमेलं देऊ नका.

१२. पोट थांबलं म्हणजे दोष ताणाच्या नसांमध्येच असतो का?

नाही. विल्यानंतर रक्तातलं कॅल्शियम घटलं तर हुकूम पोचतो, पण स्नायूला आवळता येत नाही. ताप आणि वेदना असताना मेंदूच हुकूम रोखून धरतो. गुंगीसाठी दिलेल्या झायलाझिननेही हालचाल मंदावते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही तास वाट पाहा.

१३. दूध पिणाऱ्या वासरातही हे सगळं चालतं का?

वासराचं कोठीपोट जन्मतः लहान असतं, खरं पोट सर्वांत मोठं. आचळ चोखताना तोंडातल्या आणि घशातल्या संवेदना व्हेगसमार्फत एक खाच मिटवतात, तिची नळी होते आणि दूध थेट खऱ्या पोटात पोचतं. सुरुवात ताणाने नव्हे, चोखण्याने होते. नळीने घशाखाली ओतलेलं दूध ही चालना देत नाही आणि कोठीपोटात पडतं. तिथे ते आंबतं, वासराचं पोट फुगतं, शेण मातकट आणि चिकट होतं. म्हणून नेहमीच्या दुधासाठी निपलची बाटली उत्तम. अशक्त वासराला नळीने चीक द्यावा लागला तर बिनधास्त द्या, चीक मिळणं त्याहून महत्त्वाचं आहे.

वैरण चाखायला लागल्यावर कोठीपोट वाढतं. त्याची भिंत ताणली जाऊ लागते आणि मोठ्या जनावरासारख्या लाटा बसत जातात.

१४. म्हैस, शेळी, मेंढी आणि उंट यांच्यात फरक आहे का?

म्हैस, शेळी, मेंढी यांची व्यवस्था गाईसारखीच आहे. मुळात निम्मं ज्ञान शेळ्या-मेंढ्यांवरूनच आलेलं आहे. शेळी पाला निवडून खाते, म्हणून माल लवकर पुढे सरकतो आणि काडाने पोट भरून राहण्याची अडचण तिला कमी येते.

उंट रवंथ करतो, पण त्याच्या पोटाचे कप्पे तीन मानले जातात आणि आकुंचनांचा क्रमही गाईपेक्षा वेगळा आहे. गाईसाठी शिकलेलं लाटांचं वेळापत्रक उंटाला लावू नका. घोडा वैरण खात असला तरी रवंथ करत नाही. त्याची वैरण आंबते ती मागे, मोठ्या आतड्यात. त्यामुळे घोड्याच्या पोटदुखीला वरचं कोणतंही उत्तर लागू पडत नाही.